रेल्वेच्या जुन्या एनॅमल पाट्या: आधी मागची बाजू बघा, नाव शेवटी वाचा

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा आहे, थोडक्यात असा: जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘रेल्वे एक्स्प्रेस एजन्सी’ची लाल पाटी मिळते आहे. अक्षरं पांढरी, आकार कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनाचा, प्रत्येक बाजू 24 इंच. विक्रेता ती 1910 सालची म्हणतो आणि वजन 5 पौंड सांगतो. भोकांपाशी गंज आहे, मधोमध दोन टवके उडालेत. पाटी अस्सल आहे का? घेतली तर साफ कशी करायची आणि भिंतीवर कशी लावायची? पुढेमागे मुंबईहून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची एखादी पाटी आणता येईल का?

सालाचा दावा आधी निकालात काढू, कारण त्यासाठी पाटीला हात लावायचीही गरज नाही. 1910 साली या नावाची कंपनीच नव्हती. तेव्हा रेल्वेने पार्सलं पोचवण्याचं काम अॅडम्स, अमेरिकन, वेल्स फार्गो, सदर्न अशा वेगवेगळ्या एक्स्प्रेस कंपन्यांकडे होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 मध्ये, सरकारने हा धंदा ‘अमेरिकन रेल्वे एक्स्प्रेस’ या एका कंपनीखाली आणला. ‘रेल्वे एक्स्प्रेस एजन्सी’ 1929 ची, रेल्वे कंपन्यांच्या सामाईक मालकीची. 1960 मध्ये तिचं नाव ‘आरईए एक्स्प्रेस’ झालं आणि 1975 मध्ये तिचं दिवाळं निघालं. म्हणजे तुमच्या पाटीवर जे नाव आहे ते 1929 ते 1960 याच काळातलं. याने पाटी नकली ठरत नाही. विक्रेत्याला माल माहीत नाही, एवढंच ठरतं.

अमेरिकी रेल्वेच्या कुठल्याही पाटीला हाच हिशोब लावायचा. पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी 1968 पासूनची, बर्लिंग्टन नॉर्दर्न 1970 ची, अॅमट्रॅक 1971 ची, कॉनरेल 1976 ची. पत्त्यात झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, असेल तर पाटी 1963 च्या आधीची असू शकत नाही. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. अमेरिकेत रुळांच्या कडेच्या कितीतरी पाट्या ओतीव लोखंडाच्या होत्या आणि असंख्य छोट्या स्टेशनांची नावं लाकडी फळ्यांवर रंगवलेली असत. एनॅमल जास्त दिसायचं ते एक्स्प्रेस कचेऱ्या, तारघरं, प्रतीक्षालयं आणि जाहिराती अशा ठिकाणी. त्यामुळे कुठल्याशा आडगावच्या स्टेशनाचं नाव चकचकीत एनॅमलमध्ये समोर आलं, की आनंद होण्याआधी त्या रेल्वेचे जुने फोटो काढून बघा.

आता वस्तूकडे. नवा माणूस पाटी हातात घेतो आणि पुढची बाजू बघतो. नकली पाटीवर सगळी मेहनत नेमकी तिथेच घेतलेली असते. बघण्याचा क्रम उलटा ठेवा: मागची बाजू, भोकं, कडा, आणि मग चेहरा.

हा क्रम का, ते पाटी कशी घडते हे कळलं की आपोआप पटतं. कमी कार्बनचा लोखंडी पत्रा आधी मापात कापतात, त्याला भोकं पाडतात, कडा वळवायच्या असतील तर तेव्हाच वळवतात. मग आम्लात धुऊन तेल आणि गंज काढतात. त्यावर काचेच्या पुडीचा पातळ लगदा दोन्ही बाजूंनी चढवतात. हा पहिला थर काळपट निळा असतो, कारण त्यात कोबाल्ट असतो आणि लोखंडाला काच पकडून ठेवायचं काम तो करतो. घरच्या एनॅमलच्या थाळीचा टवका उडाला की खाली जो काळसर थर दिसतो, तो हाच. सुमारे 800 ते 870 अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजल्यावर काच वितळून पत्र्याला चिकटते, तेच एनॅमल. मग पांढरा थर आणि पुन्हा भट्टी. मग रंग, आणि पुन्हा भट्टी. प्रत्येक रंगासाठी वेगळी भाजणी.

म्हणजे कापणं, वाकवणं आणि भोकं पाडणं हे सगळं एनॅमलच्या आधी होतं. अस्सल पाटीचं भोक भिंगातून बघा. एनॅमल भोकाच्या काठावरून आत उतरलेलं असतं, काठाशी गोलसर आणि किंचित जाड. एनॅमलनंतर ड्रिल मारलं असेल तर काठ धारदार दिसतो, आतला पत्रा उघडा असतो आणि भोवती काच बारीक कपच्यांनी फुटलेली असते. मूळची चार भोकं बरोबर आणि पाचवं असं फुटकं असेल तर घाबरू नका, मधल्या कुणीतरी पाटी हलवताना ते पाडलेलं असतं. पण सगळीच भोकं तशी असतील तर पाटी खाली ठेवा. बऱ्याच जुन्या पाट्यांच्या भोकांत पितळी आयलेट, म्हणजे भोकाच्या काठाची कडी, बसवलेली असत, स्क्रू आवळताना काच फुटू नये म्हणून. पितळ काळवंडलेलं आणि भोवतीचं एनॅमल नवंकोरं असेल तर ते वेगळं जुनं करून बसवलंय. पितळ झळझळीत आणि भोवती मात्र गंज, हीही तशीच विसंगत जोडी.

मागची बाजू नुसती काळी असून भागत नाही. अस्सल पाटीच्या मागे पहिल्या थराचा काळपट निळा किंवा करडा रंग असतो, त्यात ओघळ, ठिपके, भट्टीत ज्या टेकूंवर पाटी ठेवली त्यांचे छोटे डाग. ज्या लाकडावर ती वर्षानुवर्षं लागलेली होती त्याची आखीव सावलीही बरेचदा दिसते. स्क्रूभोवती वॉशरचं वर्तुळ असतं. मागची बाजू एकसारखी, गुळगुळीत आणि डागाशिवाय असेल, तर पुढे कितीही टवके असोत, संशय घ्यायलाच हवा.

गंजाची भाषा वेगळी शिकावी लागते. टवका खरा असेल तर त्याला कारण असतं: स्क्रू आवळला, कोपरा आपटला, पोरांनी दगड मारला, पत्रा वाकला. दगडाचा किंवा गोळीचा टवका गोल असतो, मधोमध पत्र्याला छोटा खळगा आणि भोवती पायरीपायरीने उडालेली काच. जुना गंज गडद तपकिरी, जवळपास काळा आणि कठीण असतो. नखाने निघत नाही आणि टवक्याच्या काठाखाली शिरलेला असतो. आम्ल किंवा मिठाचं पाणी लावून आणलेला गंज नारिंगी आणि भुकटीसारखा असतो, कापसाला लागतो आणि टवक्याच्या मधोमधच बसलेला असतो. तुमच्या पाटीवर मधे दोन टवके आहेत. तिथे पत्र्याला खळगा आहे का, ते उलट बाजूने बोट फिरवून बघा. आघात झाला असेल तर मागे किंचित फुगवटा लागतो. टवका मोठा आणि पत्रा सपाटच्या सपाट असेल, तर तो कुणीतरी मुद्दाम घासून पाडला असण्याची शक्यता जास्त.

चंद्रकोरीसारख्या बारीक कपच्या कधीकधी काहीही न लागता उडालेल्या दिसतात. भाजताना पोलादात अडकलेला हायड्रोजन नंतर बाहेर पडू बघतो आणि काच उचलतो. हा कारखान्यातला दोष आहे. पाटी खोटी असल्याचा तो पुरावा नव्हे.

आता चेहरा, आणि त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट: अक्षराची पायरी. जुन्या पद्धतीत लाल पाटीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर आधी पांढरा थर भाजत. त्यावर लाल रंगाचा लगदा फवारून सुकवत, स्टेन्सिल ठेवून अक्षरांच्या जागची सुकी लाल पूड ब्रशने झाडून टाकत आणि मग पुन्हा भाजत. त्यामुळे पांढरं अक्षर लाल जमिनीपेक्षा खाली असतं. डोळे मिटून बोटाचं टोक अक्षरावरून आडवं न्या, लालवरून पांढऱ्यात उतरताना कड लागते. पाटी प्रकाशाशी तिरपी धरली की तीच कड बारीक सावलीसारखी दिसते. अक्षरं गुळगुळीत एका पातळीत असतील तर तो एनॅमल नसलेला, पत्र्यावर छापलेला माल असायची शक्यता मोठी. मात्र 1930 च्या दशकापासून कारखान्यांत स्क्रीन छपाई येत गेली आणि ही पायरी पातळ झाली. तुमच्या पाटीच्या काळात दोन्ही पद्धती बसतात. तेव्हा नुसती पायरी बारीक आहे म्हणून नाकारू नका. पण काहीतरी कड बोटाला लागलीच पाहिजे.

एसीटोनची चाचणी सोपी आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन एका कोपऱ्याला कापसाच्या बोळ्याने थेंबभर लावा. भाजलेल्या एनॅमलचं काही बिघडत नाही, रंग असेल तर कापसावर उतरतो. जुन्या पाटीवर नंतर केलेली दुरुस्तीही अशीच उघडी पडते. अंधारात अतिनील टॉर्च मारला तर नव्या रंगाचे भाग बहुतेक वेळा शेजारच्या काचेपेक्षा वेगळे चमकतात. चुंबक खिशात ठेवाच, तो चिकटला नाही तर पत्रा अॅल्युमिनियमचा आहे आणि विषय तिथेच संपला.

आणि वजन. 24 इंच म्हणजे 61 सेंटिमीटर, क्षेत्रफळ सुमारे 0.37 चौरस मीटर. अमेरिकेत अशा पाट्यांना साधारण 16 ते 18 गेजचा पत्रा, म्हणजे 1.5 ते 1.2 मिलिमीटर. नुसत्या पोलादाचंच वजन साडेतीन ते साडेचार किलो भरतं, दोन्ही बाजूंच्या एनॅमलचं अर्धा किलो धरा. म्हणजे पाटी चार ते पाच किलोची, 9 ते 11 पौंडांची हवी. तुमच्या विक्रेत्याचे 5 पौंड खरे असतील तर पत्रा 0.6 ते 0.7 मिलिमीटरच्या आसपास येतो. एवढ्या आकाराच्या आणि उघड्यावर लावायच्या पाटीला इतका पातळ पत्रा सहसा वापरत नसत, कारण भाजताना तो मुरगळतो. माझ्या मते तुमच्या पाटीविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा हाच आहे. विक्रेत्याने वजन अंदाजाने सांगितलं असू शकतं, म्हणून सामान तोलायचा हातातला काटा घेऊन जा. खरंच 5 पौंड निघाले तर ती फार तर सजावटीच्या भावाने घ्या.

वजन बरोबर निघालं तरी ती खरी झाली असं नाही, आणि इथे आपल्याच देशाचं नाव घ्यावं लागतं. अमेरिकी बाजारातल्या नकली एनॅमल पाट्यांपैकी पुष्कळ माल भारतात बनतो. हे काम हलकं नसतं: जाड पत्रा, खरं एनॅमल, खरी भट्टी, पितळी आयलेटसुद्धा. कारागिरी म्हणून ती पाटी वाईट नव्हे. ती नव्वद वर्षांपूर्वीची म्हणून विकणं ही फसवणूक आहे. ओळखायच्या खुणा अशा: एनॅमल गरजेपेक्षा जाड, अक्षरांच्या कडा फुगीर आणि कोपरे गोलावलेले. अक्षरांची जाडी आणि त्यांमधलं अंतर मूळ बोधचिन्हाशी जुळत नाही, कारण नक्कल फोटोवरून केलेली असते. पत्रा सपाट नसतो, टेबलावर ठेवला की डगमगतो. माप कधी मुळात नव्हतंच असं निघतं. टवके मात्र चारही भोकांना सारखे. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, असा नवा माल आणि खरोखर जुना माल शेजारी शेजारी मांडलेला असतो. तिथेही हाच क्रम चालवायचा: पाठ, भोकं, कडा, चेहरा.

कारखान्याची खूण खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत असते. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सची इंग्रॅम-रिचर्डसन, बाल्टिमोर एनॅमल, शिकागोच्या बर्डिक आणि व्हेरिब्राइट ही वारंवार भेटणारी नावं. खूण भिंगाखाली स्पष्ट वाचता आली पाहिजे. नकलेत ती पसरट होते. खूण नसणं हा दोष नाही, रेल्वेसाठी केलेल्या पुष्कळ पाट्यांवर ती नसतेच.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी एवढंच, कारण तिथला खेळ वेगळा आहे. तिथे मान ‘टोटेम’ पाट्यांना, म्हणजे स्टेशनाच्या नावाच्या एनॅमल पाट्यांना. 1948 मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर प्रत्येक विभागाला रंग ठरला: वेस्टर्न चॉकलेटी, लंडन मिडलंड मरून, ईस्टर्न गडद निळा, नॉर्थ ईस्टर्न नारिंगी, सदर्न हिरवा, स्कॉटिश फिकट निळा. रुंदी बहुतेक तीन फूट. स्टेशन आणि रंग जुळत नसतील तर आधी त्या स्टेशनाचा विभाग बदलला होता का ते बघायचं.

किंमत ठरवताना टवक्यांची संख्या मोजू नका, जागा बघा. काठाला आणि भोकांना टवके असणारच, त्याने फारसं बिघडत नाही. बोधचिन्हात किंवा अक्षरात टवका असेल तर भाव चांगलाच उतरतो. चमक दुसरी गोष्ट: वर्षानुवर्षं उन्हात असलेल्या पाटीचा लाल रंग खडूसारखा झालेला असतो आणि तो परत येत नाही. मेण लावल्यावर चार दिवस उजळतो, एवढंच. म्हणून विक्रेत्याने ‘नुकतीच पॉलिश केली’ म्हटलं तर पाटी पुसून, कोरडी करून मग बघा. लिलावातून घेत असाल तर बोलीवर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं जादा कमिशन, आणि वाहतूक लागते, आपली शेवटची बोली ते धरूनच ठरवा. विक्रेता सांगतो ती किंमत नव्हे, तशाच पाट्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते बघायचं. रेल्वेवस्तूंच्या संग्राहकांच्या संघटना अमेरिकेत जुन्या आहेत, ‘रेलरोडियाना कलेक्टर्स असोसिएशन’ आणि ‘की, लॉक अँड लँटर्न’ या दोन्हींच्या सभासदांना दाखवून घेणं कधीही स्वस्त पडतं.

साफसफाईत लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. कोमट पाणी, लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चारपाच थेंब, मऊ सुती फडकं. एवढ्याने नव्वद टक्के पाट्या साफ होतात. इंजिनाची काजळी आणि तेलकट थर राहिला तर मिनरल टर्पेंटाइन कापसाला लावून. वर उडालेला घराचा रंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, धातूची पट्टी नको. तारेचा ब्रश, स्टीलचा घासा, पॉलिश पेपर यांनी काचेवर ओरखडे येतात आणि ते कायमचे राहतात. प्रेशर वॉशर तर नकोच, तो टवक्याच्या काठाखाली पाणी घुसवतो आणि पुढच्या पावसाळ्यात आतून गंज वाढून नवी काच उडते. गंज काढायची आम्लं पाटीभर ओतू नका. जुन्या एनॅमलचे काही रंग, विशेषतः लाल आणि पिवळा, आम्लाने मंद पडतात. थंडीतून आणलेल्या पाटीवर गरम पाणीही नको, काच तडकते.

टवक्यातला सुटा गंज बांबूच्या काडीने आणि ताठ नायलॉन ब्रशने काढा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून. जुन्या एनॅमलमध्ये आणि वरच्या रंगात शिसं, कॅडमियम असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर मारून धूळ करायची नाही आणि लहान मुलांना जवळ बसवायचं नाही. मग पाटी दिवसभर पूर्ण कोरडी होऊ द्या आणि फक्त टवक्यात मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वर्षातून एकदा तपासून हवा तर पुन्हा. टवका भरून वर रंग देण्याचा मोह टाळावा असं माझं ठाम मत आहे. दुरुस्त केलेली पाटी पुढे विकताना ते सांगावं लागतं, आणि न दुरुस्त केलेलीच जास्त मागितली जाते.

वाकलेली पाटी सरळ करायला जाऊ नका. भट्टीतून निघून थंड होताना पोलाद काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे काच कायम दाबाखाली असते. दाब ती सहज सोसते, ताण सोसत नाही. पत्रा उलटा वाकवला की ज्या बाजूला ताण येतो तिथली काच तळहाताएवढ्या पट्ट्याने उडते.

टांगताना जितकी मूळ भोकं तितके स्क्रू वापरा, म्हणजे वजन सगळीकडे वाटलं जातं. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू, डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, पत्र्यामागे दुसरा. स्क्रू टेकला की थांबा आणि पाव फेरा उलटा फिरवा, पाटी किंचित हलली तरी चालेल. भिंतीपासून 10 ते 12 मिलिमीटर अंतर ठेवा म्हणजे मागे हवा खेळेल. नहाणीघर आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत टाळा. मुंबईत किंवा कोकणपट्टीत बाहेर तर लावूच नका, खाऱ्या हवेत उघडा टवका एका पावसाळ्यात दुप्पट होतो. पार्सल करताना दोन्ही बाजूंना फोम, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या आणि सगळं दोन प्लायवुडच्या मधे बांधून. खोक्यावर ‘काच’ असं लिहा, कारण ती काचच आहे.

जीआयपी रेल्वेबद्दल. हे नाव 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वे झाली तोवरचं, त्यामुळे अस्सल पाटी त्याआधीचीच असणार. पण दोन कायदे आधी बघा. 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. 1925 ची पाटीही आता त्यात येते. दुसरा 1966 चा रेल्वे मालमत्ता कायदा: रेल्वेची वस्तू चोरीची किंवा बेकायदा मिळवलेली असल्याचा वाजवी संशय असेल, तर आपण ती रीतसर घेतली हे बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून भंगाराच्या लिलावाची पावती किंवा निदान दुकानाचं पक्कं बिल नसेल तर घेऊ नका. बिलावर पाटीचं माप, मजकूर आणि तारीख लिहून घ्या, आणि पाटीच्या पाठीचा, प्रत्येक भोकाचा आणि चेहऱ्याचा फोटो त्या बिलाबरोबरच ठेवा.